धूर छातीत, गाठ ओटीपोटात

कोणीतरी विडीचा झुरका घेतला. धूर घशातून छातीत उतरला आणि पुढच्याच श्वासाला बहुतेक सगळा बाहेरही पडला. आता सांगा, या धुराचा आणि ओटीपोटातल्या लघवीच्या पिशवीचा काय संबंध?

फुफ्फुसाचं समजतं, घशाचंही समजतं. पण मूत्राशय? तिथवर धूर पोचतोच कसा? तरीही अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असं दिसलं की, मूत्राशयाच्या कर्करोगापैकी जवळजवळ निम्मा तंबाखूच्या धुराच्या खात्यावर जमा होतो. धूम्रपान करणाऱ्याला हा रोग होण्याची शक्यता कधीच न ओढणाऱ्यापेक्षा तिपटी-चौपटीने जास्त असते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चक्रावून गेलो होतो. मग त्या धुरातल्या एकाच रेणूचा पाठलाग करायचं ठरवलं, आणि वाटेत जे दिसलं ते इतकं अजब होतं की आता तुम्हालाही त्या वाटेने नेल्याशिवाय राहवत नाही.

तंबाखूच्या धुरात हजारो रसायनं असतात. आपण ज्याच्या मागे जाणार आहोत त्याचं नाव ४-अमिनोबायफेनिल. नाव अवघड आहे, म्हणून त्याला नुसतं ‘उपरा’ म्हणू. फुफ्फुसातल्या हवेत आणि रक्तात जो पडदा असतो तो केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ. उपरा तो सहज ओलांडतो, रक्तात शिरतो आणि रक्ताच्या फेऱ्यात फिरता फिरता यकृतात येऊन पोचतो.

यकृत म्हणजे शरीराची मोरी. पण तेलकट ताट नुसत्या पाण्याने कुठे निघतं? उपराही तसाच, पाण्यात सहजी न विरघळणारा. त्याला बाहेर काढायचं तर आधी पाण्याशी जमवून घेणारा करायला हवा. म्हणून यकृत त्याच्या अंगावर ऑक्सिजनचा एक अणू अडकवतं. हेतू चांगला, पण इथेच घोटाळा होतो. त्या एका अणूमुळे उपरा आधी होता त्यापेक्षा कितीतरी घातक होऊन बसतो. यकृताजवळ त्यावरही उतारा आहे. ते साखरेच्या कुळातल्या एका आम्लाची पुडी बांधतं, उपऱ्याला त्यात गुंडाळतं आणि मूत्रपिंडाकडे रवाना करतं. पुडी घट्ट आहे तोवर कोणालाच धोका नाही.

मूत्रपिंडांचं काम पाहिलं की माणूस थक्क होतो. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला दीडेक लिटर तेवढा लघवी म्हणून बाहेर पडतो, बाकीचं सगळं पाणी परत रक्तात. गुऱ्हाळात काहिलीभर रस आटवून हाती थोडासा गूळ यावा, तसं. मात्र गुऱ्हाळात गोडी आटून घट्ट होते, इथे टाकाऊ माल घट्ट होतो. रक्तात अगदी विरळ असलेलं विष लघवीत कितीतरी दाट होऊन मूत्राशयात उतरतं.

आणि लघवी बहुधा आम्लधर्मी असते. त्या आम्लात उपऱ्याची पुडी सुटते.

आता तो मोकळा आहे. लगेच बाहेर पडला असता तर प्रश्न नव्हता, पण मूत्राशयाचं कामच मुळी थांबवून धरण्याचं. दिवसा तीन-चार तास, रात्री झोपेत सहा-सात तास. एवढ्या वेळात उपरा भिंतीतल्या पेशींच्या डीएनएला जाऊन चिकटतो. पेशीने तो डाग वेळीच दुरुस्त केला तर ठीक. नाही केला, तर पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल चुकते आणि ती चूक पुढच्या पिढ्यांत उतरते. अशा चुका वर्षानुवर्षं साठत गेल्या की एखाद्या दिवशी एका पेशीचा वाढीवरचा ताबा सुटतो.

म्हणजे फुफ्फुसातून धूर गेला तरी धुरातला ऐवज गेला नव्हता. तो शरीराच्या गटारातून बाहेर निघाला होता आणि निघता निघता शेवटच्या मुक्कामावर रेंगाळला.

या मुक्कामाच्या जागेकडेही जरा थांबून पाहायला हवं. मूत्राशय रिकामं असताना चुरगळलेल्या पिशवीसारखं असतं, भरलं की चार-पाचशे मिलिलिटर सहज मावतात. त्याच्या आतल्या अस्तरात सगळ्यात वरचा थर मोठ्या, पसरट पेशींचा. एकेक पेशी खालच्या कित्येक पेशींवर छत धरते, म्हणून त्यांना छत्रीपेशी म्हणतात. या पेशींच्या पोटात आवरणाचे जादा तुकडे नऊवारीच्या निऱ्यांसारखे घडी घालून ठेवलेले असतात. मूत्राशय भरू लागलं की निऱ्या उलगडतात आणि पेशीचा पृष्ठभाग वाढतो. रिकामं झालं की तुकडे पुन्हा आत ओढले जातात. दिवसातून सहा-सात वेळा, आयुष्यभर! शिवाय हे आवरण इतकं अभेद्य की शरीरातल्या सगळ्यात न पाझरणाऱ्या पडद्यांमध्ये त्याची गणना होते. नाहीतर मूत्रपिंडांनी मेहनतीने वेगळी केलेली घाण पुन्हा रक्तात झिरपली असती.

आणखी एक गंमत ऐका. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत सगळं नवं होतं. मूत्राशयाच्या अस्तराला त्याच कामाला कित्येक महिने लागतात. इजा झाली तर मात्र हेच निवांत अस्तर खडबडून जागं होतं आणि काही दिवसांत भोक बुजवतं. एरवी संथ, गरज पडली की तुफान वेगवान. रोज रोज विषाने डिवचलं तर ही दुरुस्तीची धावपळही रोजचीच होते, आणि धावपळीत चुका जास्त होतात हे कोणालाही पटेल.

हे सगळं आपल्याला कळलं कसं? त्याची सुरुवात लंडनमधल्या एका घरगुती प्रयोगशाळेत होते, आणि तीही मलेरियाच्या निमित्ताने. १८५६ साली, ईस्टरच्या सुट्टीत, १८ वर्षांचा विल्यम पर्किन कोळशाच्या डांबरापासून क्विनाइन बनवू पाहत होता. हिंदुस्थानापासून आफ्रिकेपर्यंत ब्रिटिश साम्राज्याला तापावरच्या या औषधाची नड होती. क्विनाइन काही झालं नाही. भांड्याच्या तळाशी उरला तो काळा गाळ, आणि तो धुताना निघाला सुरेख जांभळा रंग! माणसाने प्रयोगशाळेत घडवलेल्या रंगांचं युग तिथून सुरू झालं. नीळ, मंजिष्ठा, लाख यांच्या जागी हळूहळू कारखान्यांतले डबे आले. तीनच वर्षांत फ्रान्समध्ये फुक्सिन नावाचा झगमगीत किरमिजी रंग निघाला आणि जर्मनीत रंगांचे भलेमोठे कारखाने उभे राहिले.

१८९५ साली फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन या शल्यविशारदाने सर्जनांच्या सभेत एक विचित्र गोष्ट सांगितली. फुक्सिन बनवणारे ४५ कामगार, आणि त्यातल्या तिघांना मूत्राशयात गाठ. हा योगायोग असेल? रेन म्हणाला, नाही. कामगार जे श्वासातून घेतात ते लघवीतून बाहेर पडतं आणि जाताना मूत्राशयाला जाळतं. विचार करा, तेव्हा डीएनए कोणाच्या गावीही नव्हता, यकृतातली पुडी ठाऊक नव्हती, तरी या माणसाने वाट बरोबर ओळखली! गुन्हेगाराचं नाव तेवढं चुकलं. त्याने ॲनिलिनवर बोट ठेवलं, खरे दोषी त्याच कुळातली बीटा-नॅफ्थिलअमाइन आणि बेंझिडीन ही रसायनं निघाली. (याच रेनने पुढच्या वर्षी, १८९६ मध्ये, सुरा लागलेल्या माणसाच्या धडधडत्या हृदयाला टाके घातले आणि तो माणूस वाचला. एकाच माणसाच्या वाट्याला दोन वर्षांत असे दोन पराक्रम!)

नाव सिद्ध व्हायला पुढची ४० वर्षं गेली. उंदरांना ही रसायनं देऊन पाहिली तर मूत्राशयात काहीच होईना. मग विल्हेल्म ह्युपर आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांना बीटा-नॅफ्थिलअमाइन दिलं, आणि १८९५च्या त्या कामगारांना झाल्या होत्या तशाच गाठी झाल्या. ते साल १९३८. कुत्र्यांनाच का? याचं उत्तर फार उशिरा आलं, आणि ते आलं क्षयरोगाच्या दवाखान्यातून.

१९५०च्या दशकात क्षयावर आयसोनियाझिड हे औषध आलं. डॉक्टरांच्या लक्षात आलं की, काहींच्या शरीरातून ते झपाट्याने निघून जातं, तर काहींच्या रक्तात बराच वेळ टिकतं आणि हातापायांना मुंग्या आणतं. फरक होता यकृतातल्या एका एन्झाइमचा. हे एन्झाइम अशा रेणूंच्या डोक्यावर एक छोटी रासायनिक टोपी चढवतं. टोपी चढली की रेणू शांत. कोणाकडे टोप्या घालणारा कारागीर चपळ, कोणाकडे संथ, आणि हे जन्मतःच ठरलेलं. आपल्या देशातही संथ कारागीर असलेले लोक भरपूर आहेत.

आपल्या उपऱ्यालाही हाच कारागीर टोपी घालतो! वेळेवर टोपी चढली, तर यकृताला त्याच्या अंगावर ऑक्सिजन अडकवायची संधीच मिळत नाही. आणि कुत्रा? त्याच्याकडे हा कारागीरच नाही, ती जनुकंच नाहीत. म्हणून कुत्र्यात जे दिसलं ते उंदरात दिसलं नाही. १९८२ साली इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड या रंगाच्या कारखान्यांच्या गावात मूत्राशयाचा कर्करोग झालेल्या रंगकामगारांची तपासणी झाली. २३ जणांपैकी २२ जणांचा कारागीर संथ निघाला. एकाच पत्र्याखाली, एकच वाफ घेत काम करणाऱ्यांपैकी कोणाला रोग गाठणार, याचा एक धागा त्यांच्या यकृतात होता. अर्थात चपळ कारागीर म्हणजे अभयपत्र नव्हे. बेंझिडीनच्या बाबतीत चीनमधल्या कामगारांत असा फरक दिसला नाही. विष बदललं की हिशेब बदलतो.

ब्रिटनने बीटा-नॅफ्थिलअमाइन बनवणं १९५०च्या सुमारास थांबवलं. भारत सरकारने १९९०च्या दशकात बेंझिडीनवर आणि तशा इतर अमाइनांवर आधारलेली ११२ रंगद्रव्यं हाताळायला बंदी घातली. इचलकरंजी-सोलापूरला कापड रंगवणाऱ्यांनी, चामडं कमावणाऱ्यांनी, छपाईच्या शाईत आणि रबरात काम करणाऱ्यांनी हा इतिहास माहीत करून घ्यायलाच हवा असं मला कळकळीने वाटतं. पिंपावर नाव काय लिहिलंय, हातमोजे आहेत का, पंखा वाफ बाहेर ओढतो का, जेवणाआधी हात नीट धुतले जातात का, हे प्रश्न मालकाला विचारण्याचा हक्क त्या ४५ कामगारांच्या अनुभवातून आलेला आहे.

विष रसायनाचंच असावं लागतं असंही नाही. १८५१ साली कैरोमध्ये थिओडोर बिल्हार्झ या तरुण जर्मन डॉक्टरला शवविच्छेदन करताना रक्तवाहिन्यांत एक कृमी सापडला. नराच्या अंगावर लांबच लांब खाच, आणि त्या खाचेत बारीक मादी वर्षानुवर्षं बसलेली! हे जोडपं मूत्राशयाभोवतीच्या शिरांत संसार थाटतं. त्यांची अंडी भिंत फोडून लघवीत उतरतात, लघवीतून पाण्यात, पाण्यात एखाद्या गोगलगायीच्या अंगात, आणि तिथून पुन्हा पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीतून आत. जी अंडी भिंतीत अडकून राहतात ती अस्तराला वर्षानुवर्षं कुरतडतात आणि एका वेगळ्याच प्रकारचा कर्करोग उभा राहतो. इजिप्तमध्ये एके काळी पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत हाच पहिल्या क्रमांकावर होता. हजारो वर्षांपूर्वीच्या ममींच्या मूत्रपिंडांतही या कृमीची अंडी सापडली आहेत.

आणि हा कृमी फक्त नाईलकाठचा, असं समजू नका. १९५२ साली गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणाऱ्या माणसांमध्ये याच रोगाचं ठाणं शोधून काढलं. पुढे तिथल्या पाण्यातली काही मिलिमीटरची, टोपीसारख्या शिंपल्याची इवलीशी गोगलगायही त्यांनी हुडकली. कोकणातल्या एका वहाळात एवढं मोठं नाट्य चाललं होतं! या कृमीवर आज गोळी आहे, आणि इजिप्तमध्ये कृमी आटोक्यात येत गेला तसा तो कर्करोगही ओसरला.

पाण्याची दुसरी गोष्ट चिलीतली आहे. अँटोफगास्टा हे वाळवंटाच्या कडेचं शहर. १९५८ साली तिथे अँडीज पर्वतातल्या नद्यांचं पाणी आणलं. केवढा आनंद! पण त्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८६० मायक्रोग्रॅम आर्सेनिक होतं. जागतिक आरोग्य संघटनेची आजची मर्यादा आहे १०. १९७० साली शुद्धीकरण केंद्र बसलं आणि आर्सेनिक खाली आलं. मग मूत्राशयाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी झाले असतील? नाही, ते वाढतच राहिले. पाणी स्वच्छ झाल्यावरही कित्येक दशकं तिथे या रोगाचं प्रमाण चढं होतं. पेशीत पेरलेलं बी इतक्या सावकाश उगवतं. बंगाल-बिहारच्या गंगाकाठी, जिथे नळविहिरींच्या पाण्यात आर्सेनिक आहे, तिथे आज पाणी तपासायचं ते अजून पाळण्यात असलेल्या मुलांसाठी.

या सावकाशीला दुसरी बाजूही आहे, आणि तीच मला सगळ्यात जास्त धीर देते. ज्या रोगाला यायला वीस-तीस वर्षं लागतात, त्याला वाटेत अडवायलाही वीस-तीस वर्षं मिळतात. विडी-सिगारेट सोडली की काही वर्षांतच धोका उतरू लागतो. कधीच न ओढणाऱ्याच्या पातळीपर्यंत यायला मात्र वीस वर्षांहूनही जास्त लागतात, म्हणून जितक्या लवकर सुटेल तितकं बरं. पण साठीत सोडली तरी फायदा आहेच. भरपूर पाणी प्यायल्याने धोका घटतो का? १९९९ साली अमेरिकेतल्या पुरुषांच्या एका पाहणीत घटतो असं दिसलं, नंतरच्या पाहण्यांचा कौल एकसारखा आला नाही. तरी विष पातळ करणं आणि त्याचा मुक्काम लांबू न देणं, यात तोटा काहीच नाही. मधुमेहाच्या पायोग्लिटाझोन या गोळीवर भारतात २०१३ साली याच शंकेपायी दीडेक महिना बंदी आली आणि मग इशारा छापून ती परत आली. ती घेत असाल तर स्वतःहून बंद करू नका. पूर्वी मूत्राशयाचा त्रास झाला असेल, लघवीतून रक्त गेलं असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि लाल रंग दिसला तर? मूत्राशयाच्या कर्करोगाची पहिली खूण बहुतेक वेळा हीच असते: लघवीतून रक्त, आणि तेही अजिबात न दुखता. दुखत नाही म्हणूनच माणूस फसतो. आपल्याकडे लगेच म्हणतात, उष्णता झाली, उन्हाळी लागली. सब्जा घे, धन्याचं पाणी पी. दुसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ होते आणि सगळे निश्चिंत. पण हे रक्त येतं, थांबतं आणि महिन्यांनी पुन्हा येतं. त्याचं थांबणं सब्ज्यामुळे नसतं. बायकांच्या बाबतीत तर त्याला जंतुसंसर्ग समजून गोळ्यांवर गोळ्या दिल्या जातात आणि निदानाला उशीर होतो. आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं का ते आठवा. खाल्लं नसेल, तर एकदाच दिसलं आणि गेलं तरी मूत्रविकारतज्ज्ञाकडे जा. लघवीची तपासणी, सोनोग्राफी, आणि गरज पडली तर दुर्बीण. मूत्राशयाच्या आत पाहणारी अशी दुर्बीण माक्सिमिलिअन निट्झने १८७७ सालीच बनवली होती, टोकाला तापून लाल झालेली प्लॅटिनमची तार आणि ती थंड ठेवायला वाहतं पाणी. आजची दुर्बीण त्या मानाने फार सोपी झाली आहे. निदान होतं तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांमध्ये रोग अजून अस्तरातच असतो, स्नायूत उतरलेला नसतो.

आता तुमचा डावा दंड पाहा. वर, खांद्याजवळ, लहानपणीच्या बीसीजीच्या लसीचा वण आहे ना? फ्रान्समधल्या लील शहरात काल्मेत आणि गेराँ या दोघांनी १९०८ ते १९२१ अशी १३ वर्षं गाईच्या क्षयाचा जंतू पित्तात मुरवलेल्या बटाट्याच्या फोडींवर २३० वेळा वाढवला. मधे महायुद्ध आलं, शहर जर्मनांच्या ताब्यात गेलं, तरी काम चालूच. शेवटी जंतूची नांगी झडली आणि लस तयार झाली. ती क्षयासाठी होती. पण १९७०च्या दशकात कॅनडातल्या अल्वारो मोरालेस या मूत्रविकारतज्ज्ञाने तोच दुबळा, जिवंत जंतू नऊ रुग्णांच्या मूत्राशयात नळीवाटे सोडला, आणि पुन्हा पुन्हा उगवणाऱ्या गाठींचं येणं घटलं. लस सहा कुप्यांच्या खोक्यात येत असे आणि दिलेल्या डोसाचा त्रास आठवड्याच्या आत निवळत असे, म्हणून त्याने आठवड्याला एक असे सहा डोस ठरवले. अस्तरापुरत्या राहिलेल्या, पण परतण्याची भीती असलेल्या गाठींना आजही जगभर आठवड्याला एक असेच सहा डोस देतात. जंतू भिंतीला चिकटतो, शरीराचे पहारेकरी धावून येतात, आणि धावपळीत त्यांची नजर त्या बिघडलेल्या पेशींवर पडते.

औषध आत सोडल्यावर रुग्णाला सांगतात, आता दोन तास लघवी धरून ठेवा. छत्रीपेशींच्या निऱ्या उलगडतात, भिंत ताणते, आणि ज्या मुक्कामावर उपरा वर्षानुवर्षं रेंगाळला होता, तिथे दोन तास औषध मुक्काम करतं.